रिकाम्या फासकीचे तीन हंगाम

मी फासकी बोलतेय. नाव ऐकून जरा मागे सरकलात ना? सरका हो, मला सवय आहे. फास म्हटलं की माणसांच्या मनात नको नको ते येतं. मी आपली साधी शिकारीची फासकी. पोलादी तारेचा एक वेढा, एक दणकट स्प्रिंग आणि पाय पडला की खाली बसणारी एक पट्टी. हरणाच्या वाटेत मला पुरतात, वर पालापाचोळा पसरतात आणि तारेचं दुसरं टोक झाडाला बांधतात. मग मी वाट बघते. एवढंच माझं काम, आणि त्यात मी पटाईत आहे.

जपानात चिबाच्या दक्षिणेला डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका छोट्या गावात, सेकीने-सानांच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. सेकीने-सान म्हणजे गावातले म्हातारे शेतकरी आणि जुने शिकारी; सान म्हणजे आपलं राव. तार वळवताना ते जीभ दातांत धरायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे. माझ्याबरोबर माझ्या चार-पाच बहिणीही त्यांनी बनवल्या. एकेक करून त्या डोंगरावर गेल्या, हरीण धरून आल्या, आणि आल्या त्या वेड्यावाकड्या होऊन. फासात सापडलेलं हरीण जिवाच्या आकांतानं ओढतं. तारेला असा पीळ बसतो की ती पुन्हा सरळ होत नाही. आमच्यात एका तारेला एकच हरीण. मग ती काढून टाकायची आणि नवी लावायची, अशी रीत आहे.

माझी पाळी येण्याआधीच सेकीने-सानांचे गुडघे गेले आणि डोंगर चढणं बंद झालं. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत राहिले. कोळ्यांनी माझ्यावर बिनधास्त संसार थाटले. खरं सांगते, जीव वाचला म्हणून बरं वाटायचं, आणि ताट वाढून ठेवावं नि जेवायला कुणी बसूच नये, तसं वाईटही वाटायचं. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग शेजारच्या रिकाम्या घरात स्वरूपा राहायला आली. स्वरूपा आणि तिचा नवरा नचिकेत, दोघं पुण्याचे. नचिकेत टोकियोत तोयोसुच्या एका आयटी कंपनीत आहे. आधी ते टोकियोजवळ ग्योतोकुला, जिथे आपले बरेच लोक राहतात, छोट्या फ्लॅटमध्ये राहायचे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली स्वरूपा तिथे कोनबिनीत बाइतो करायची, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात अर्धवेळ काम. नचिकेतचं काम बरंचसं घरून व्हायला लागलं तेव्हा तिनंच गावात राहायचा हट्ट धरला. सेकीने-सानांनी आपलं पडीक शेत तिला कसायला दिलं. तिनं मेथी लावली, कोथिंबीर लावली, उन्हाळ्यात भेंडी लावली. खोकी भरून भाजी ग्योतोकुच्या आपल्या लोकांकडे जायला लागली. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझं स्वतःचं आहे, असं ती सेकीने-सानांना सांगत होती. मी खिळ्यावरून ऐकलं.

पण मेथी हरणांनाही आवडली ना! एका सकाळी ती शेतावर गेली तर नुसती देठं उभी. मग तिनं जाळी लावली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. हरणांनी जाळीवरून उड्या मारल्या आणि कोथिंबीरही संपवली. स्वरूपा आठवडाभर शेताकडे फिरकली नाही. मग उठली आणि सापळ्याच्या परवान्याच्या परीक्षेला बसली. जपानी भाषेतली परीक्षा बरं का! नचिकेत म्हणाला, तू इंजिनिअर झालीस तेव्हाही एवढा अभ्यास केला नव्हतास. बाई पास झाली. सेकीने-सानांनी मला खिळ्यावरून उतरवलं, कोळ्यांना घराबाहेर काढलं आणि तिच्या नावाचा बिल्ला माझ्या तारेला बांधला. इथे बिल्ल्याशिवाय आम्हाला रानात पाऊल टाकता येत नाही.

आता गंमत ऐका. शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होतो. त्याआधी येते खंडेनवमी. स्वरूपानं मला पाटावर मांडलं. शेजारी विळा, कुदळ आणि नचिकेतचा लॅपटॉप. मला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझे लाड केले होते, मी तर विरघळलेच. हंगामाच्या पहिल्या दिवशी तिनं मला हरणाच्या वाटेत पुरलं आणि तिथेही पुन्हा हळद-कुंकू, पुन्हा उदबत्ती, वर कापूर. गुडघे सावरत कसेबसे चढून आलेले सेकीने-सान तिच्या मागे उभे होते. त्यांनी टोपी काढली, हात जोडले, आणि एक शब्द बोलले नाहीत.

अहो, हरणाचं नाक ते! वाऱ्यावरून त्याला माणसाचा माग लागतो. तिथे मी चंदनाचा वास मारत बसलेली, एखाद्या देवळासारखी. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. फासकी रोज बघून यावी लागते, जनावर सापडलं तर ते तडफडत राहू नये म्हणून. स्वरूपा एकही सकाळ चुकली नाही. पण यायची कशी? नचिकेतच्या न्याहारीची भाजी फोडणीला टाकून. तिचे हातमोजे स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले असायचे, ते घालून ती माझ्यावरचा पाला नीट करायची. हिंगाचा काय घमघमाट! दर गुरुवारी नवी उदबत्ती. हरणं यायची, लांबूनच थबकायची, फुरफुरायची आणि दुसऱ्या वाटेनं खाली मेथीवर उतरायची. मला मेलीला सगळं दिसत होतं.

पहिला हंगाम रिकामा गेला. तिनं मला उकरून काढलं आणि लिंबाच्या वासाच्या साबणानं घासून ठेवलं. दुसऱ्या वर्षी जागा बदलली, व्हिडिओ बघितले, हरणाची खूण कशी ओळखायची ते शिकली, पूजाही जरा जास्तच मन लावून केली. दुसराही हंगाम कोरडा गेला. गावातले बाकीचे एक-दोन शिकारी गालात हसायचे.

तरी एक गोष्ट तिची मला फार आवडायची. रिकाम्या हातानं परत जायच्या आधी ती माझ्याशेजारी उकिडवी बसायची आणि काहीतरी चांगलं शोधून सांगायची. आज ताजी लेंडी दिसली गं, म्हणजे वाट बरोबर आहे. आज दव पडलंय, बांबू बघ कसे चमकतायत. आज काहीच नाही दिसलं, पण चढताना दम लागला नाही. काही नाही सापडलं तर म्हणायची, आज माझा पाय मुरगळला नाही. रडायची नाही असं नाही. एकदा हुंदके देऊन रडली, मग मोज्यानं नाक पुसलं, हिंगानं पुन्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि हसायला लागली.

माझ्या मनाचं काय सांगू? रिकामी सकाळ म्हणजे माझं वाढलेलं आयुष्य, हे मला चांगलं कळत होतं. पण ती उतारावरून खाली मान घालून जाताना दिसली की वाटायचं, काय करायचंय असलं आयुष्य घेऊन. बाई, तुझ्यासाठी एकदाची वाकू दे मला.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला नचिकेत तिच्याबरोबर वर आला. भला माणूस आहे हो तो. जाळीचे खांब ठोकून त्याची कंबर धरली होती, तरी कुरकुर केली नव्हती. पण शेत दोनदा साफ झालं होतं, आणि ग्योतोकुला तो एक फ्लॅट बघून आला होता. माझ्याजवळ उभं राहून त्यानं हळूच विषय काढला.

"स्वरूपा, हा शेवटचा हंगाम. नाही जमलं तर मार्चमध्ये परत जाऊ. तुला असं रोज रिकामी उतरताना मला बघवत नाही गं."

तिनं माझ्यावरचा पाला सारखा केला. मग बरं म्हणाली.

जानेवारीत तिला फ्लू झाला. ताप उतरेना, तेव्हा रोज बघून यायचं काम नचिकेतकडे आलं. स्वयंपाक बंद, स्वारी ब्रेडवर. नवे कोरे मोजे घालून यायचा, मला हात लावायला घाबरायचा, लांबूनच डोकावायचा आणि पळायचा. आणि काय सांगू, दोन-तीन दिवसांत हरणं जवळ यायला लागली! एका सकाळी माझ्यापासून वीतभर अंतरावर खूर उमटले होते. नचिकेतनं फोटो काढून नेला.

बरी झाल्यावर स्वरूपा मोबाईल हातात धरूनच आली. खुरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे. मग कपाळाला हात लावायला गेली आणि हात नाकाशीच थांबला. सर्दी नुकतीच गेली होती, नाक मोकळं होतं. तिनं मोजा पुन्हा हुंगला.

"अगं बाई, हिंग," ती म्हणाली.

मला उपटून हातात घेतलं आणि तशीच तरातरा सेकीने-सानांच्या दारात. ते मुळा धूत होते. मोजे त्यांच्यापुढे धरून तिनं विचारलं, उदबत्तीचा, हळदीचा, हिंगाचा वास हरणांना लागतो हे तुम्हाला माहीत होतं का? म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि मान खाली घातली.

"माहीत होतं, सुवारुपा-सान. पण तुम्ही तुमच्या देवाची पूजा करत होतात. तुमच्या देवाचा वास नको, असं मी कसं म्हणू?"

दोन वर्षं! भिडस्त माणसानं दोन वर्षं रोज हे ओठांपर्यंत आणलं असणार आणि गिळलं असणार. स्वरूपा आधी रागावली, मग हसत सुटली, इतकी की पोट धरून पायरीवर बसली.

"आमचा देव नाही हो रागवत," ती म्हणाली. "मेथी गेली की मी रागावते. यापुढे मला सगळं सांगायचं."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. ओकच्या साली घालून मला उकळलं, मग ओल्या पाल्याखाली गाडून ठेवलं. हळदीचा, साबणाचा, चंदनाचा मागमूस राहिला नाही. नवे मोजे घराबाहेर झाडावर टांगले गेले. पूजा तिनं सोडली नाही. गावाच्या टोकाला सेकीने-सानांच्या डोंगरदेवाचा एक दगड आहे, तिथे त्यांच्याबरोबर जाऊन ती हात जोडून आली. डोंगरावर जाऊन येईपर्यंत फोडणी बंद झाली, आणि नचिकेतच्या न्याहारीला कोनबिनीतला भाताचा गोळा आला. बिचाऱ्यानं तो निमूट खाल्ला.

म्हणून लगेच हरीण येऊन उभं राहिलं असं समजू नका. एकदा कुणीतरी माझ्या पट्टीच्या कडेवर पाय दिला, स्प्रिंग उडाली आणि फास रिकामाच आवळला. माझी लाजेनं मान खाली गेली. सेकीने-सान म्हणाले, एकदा दचकलेलं जनावर लवकर परत येत नाही. स्वरूपानं मला पुन्हा पुरलं आणि म्हणाली, चला, निदान कुणीतरी दार तरी वाजवलं. हंगामाचे थोडेच दिवस उरले होते. ती येत राहिली.

आणि फेब्रुवारीत, जमीन कडक गोठलेली असताना, उजाडायच्या सुमारास ते आलं. तरणं नर हरीण. माझ्यावर पाय टाकला आणि मी धरलं. त्यानं ओढलं, झाडाभोवती फिरलं, पुन्हा ओढलं. तारेतून त्याच्या काळजाची धडधड मला जाणवत होती. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मी सोडलं नाही.

स्वरूपा वळणावर आली आणि जागच्या जागी थांबली. तिनं सेकीने-सानांना फोन केला. ते काठी टेकत, दोनदा बसत वर आले. दोघांनी आधी हात जोडले. मग पुढचं काम झटपट केलं, हरणाला ताटकळत ठेवलं नाही. स्वरूपाच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण तिनं हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी घरात काळ्या मसाल्याचा रस्सा शिजला, हिंगाच्या फोडणीसकट. मी दाराबाहेरच्या ओट्यावर पडले होते. सेकीने-सान घामाघूम होऊन नाक पुसत होते आणि अजून वाढा म्हणत होते. एका हरणानं शेत वाचत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा हीच चढण आहे, हेही त्यांनी सांगितलं. तेवढ्यात नचिकेत फोन घेऊन ओट्यावर आला. माझ्याशेजारी उभं राहून, शंभरदा माफी मागत, त्यानं ग्योतोकुचा फ्लॅट नको म्हणून कळवलं. मग दारातूनच आत ओरडला, "सेकीने-सान, परवान्याची परीक्षा कधी असते? या वर्षी मी बसतोय."

आता माझं म्हणाल तर मी पार वाकले आहे. स्प्रिंग काढून तिनं नव्या तारेला लावली. ती तार तिनं स्वतः वळली, अगदी दातांत जीभ धरून. सेकीने-सान राहू दे म्हणत असतानाही पक्कड घेऊन मला सरळ करायला बसली होती. मी काही सरळ झाले नाही.

आज न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस; इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो. मी पारदर्शक पिशवीत आहे, गावाच्या नाक्यावर, फुटका दिवा आणि जुन्या तव्याच्या सोबतीला. सकाळी पिशवी ठेवून स्वरूपा निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. पिशवीवरून तिनं माझ्यावर हात ठेवला.

"थांबलीस गं माझ्यासाठी," ती म्हणाली.

आता एवढं ऐकल्यावर मला कसलं दुःख? तुम्हाला मात्र एक सांगते. तुम्हीही कुठेतरी काहीतरी पुरून ठेवलं असेल आणि रोज ते रिकामं निघत असेल. तरी सकाळी उठून बघून या. त्याच्याशी दोन शब्द बोला, आणि आपल्या हाताला कसला वास येतोय तेही एकदा हुंगून बघा. मी तीन हंगाम जमिनीखाली काढले. हरीण आज येईल की उद्या, याची मला फारशी फिकीर नसायची. उतारावर स्वरूपाची पावलं वाजतायत का, तिकडे माझा कान असायचा.

गाडीचा आवाज येतोय. येते हं मी.