शेऱ्याचा रकाना

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी उभी हयात जंतूंच्या गप्पा ऐकण्यात घालवली. एकटा जंतू भित्रा असतो, असं ते सांगायचे. तो एक रसायन बाहेर सोडत राहतो, पण तेवढ्याशाने काही होत नाही. गर्दी वाढली की ते रसायन साचतं आणि सगळ्यांना एकदम कळतं, आपण पुष्कळ आहोत. मग विष सोडायचं, चिकट थर बांधून ठाण मांडायचं, आणि औषधालाही दाद द्यायची नाही.

हे ज्ञान सरांनी आमच्यावरही वापरलं. चहाच्या खोलीला कुलूप घातलं आणि आम्हा सात जणांना सात खोल्यांत बसवलं.

गुरुवारी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. रजा मागितली तर सर म्हणाले, "इतर कुणी मागत नाही. तुम्हालाच काय झालंय?"

मी शरमेने लाल झाले आणि मग रागाने आणखी लाल. जंतू वाढवायच्या उबदार कपाटाच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, दाराला नोंदवही टांगलेली असते. दार उघडलं की तापमान लिहायचं, हा सरांचाच नियम. मी शेऱ्याच्या रकान्यात खरडलं, 'सदतीस. गुरुवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. रजा नाही.'

दुसऱ्या दिवशी खाली लांबूचं अक्षर. लांबू म्हणजे आमचा सूक्ष्मदर्शकवाला. 'सदतीस. बायकोचे दिवस भरलेत. मलाही म्हणाले, इतर कुणी मागत नाही.' त्याखाली काचसामान धुणाऱ्या मावशी, 'सदतीस. गुडघा. मलापण तेच.'

बुधवारपर्यंत पान भरलं. इतर कुणी म्हणजे आम्हीच होतो! मला इतका आनंद झाला की तापमान लिहायचंच राहिलं.

दुपारी सातही जण सरांच्या केबिनमध्ये घुसलो. केबिन एवढीशी, त्यामुळे एकमेकांना चिकटूनच उभे. मी वही टेबलावर ठेवली, वर उद्याच्या रजेचे सात अर्ज. सरांनी पान वाचलं, मान वर केली आणि आम्हाला मोजलं. वीस वर्षांचा अभ्यास होता, समजावून सांगावं लागलं नाही.

"शेऱ्याच्या रकान्यात हे लिहायचं नसतं," ते पुटपुटले.

"मग कुठे लिहायचं?" मावशींनी विचारलं.

सरांनी सातही अर्जांवर मुकाट्याने सह्या केल्या.

"पण उद्या जंतूंना खाऊ कोण घालणार?"

सगळे सरांकडेच बघत होते.

शुक्रवारी मी वही उघडली. गुरुवारी चार नोंदी, चारही सरांच्या हातच्या. पहिल्या तीन नुसत्याच 'सदतीस'. चौथी, 'सदतीस. दिवसभर बोलायला कुणी नाही. तुमच्या आईचं कसं झालं?'

मला त्यांची दया आली, अगदी थोडी. मी खाली लिहिलं, 'सदतीस. आईला दिसतंय. चहाच्या खोलीचं कुलूप काढा.'