क्रुसावरचे दोन दाणे

चर्चमधल्या क्रुसाला कुणी पीठ फासलेलं दिसलं तर पाळकाच्या बायकोनं काय करावं? मी आधी ओरडले.

"कुणी केलं हे?"

पुढच्या सतरंजीवर भांडगावची अनसाबाई बसली होती. तिचं माहेर-सासर एके काळी मेंढरांमागं हिंडलेलं, आता शेतीला लागलेलं. तिचा आणि तिचा नवरा रखमाजी याचा बाप्तिस्मा आमच्या दौंडच्या मंडळीत आदल्याच वर्षी, सत्त्याण्णवला झाला होता. रखमाजीच्या छातीत दुखायचं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर वाचेल, पण खात्री देत नाही. नाही केलं तर फार दिवस नाहीत. दुपारच्या गाडीनं दोघांना निघायचं होतं आणि रखमाजी अडून बसला होता. देवानं हो म्हटल्याशिवाय तो पाऊल उचलणार नव्हता.

"म्या केलं, बाई," अनसाबाई म्हणाली. "कौल लावलाय."

क्रुसाच्या दोन्ही बाजूंना पिठानं चिकटवलेला जोंधळ्याचा एकेक दाणा होता. तिच्या घरी बिरोबाला असंच विचारायचे. उजवा दाणा आधी पडला तर जा, डावा पडला तर थांब. सकाळपासून ती टक लावून बसली होती आणि एकही दाणा जागचा हलला नव्हता.

"एवढं पीठ थापल्यावर देव तरी काय पाडणार, अनसाबाई?"

तिला हसू आलं नाही. डोळे भरून आले होते तिचे. मग माझाही राग ओसरला आणि मी तिच्याशेजारी टेकले. मनात आलं, पीठ पुसायच्या निमित्तानं उजवा दाणा हळूच पाडावा. बाईचा जीव थाऱ्यावर येईल, नवरा गाडीत बसेल, कुणाचं काय जातंय? पण हात काही उचलेना.

"उजवा पडला, तर भीती जाईल का?" मी विचारलं.

"मामंजींच्या दुखण्यात उजवाच पडलाता. तरी गेले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या कामाला पुन्यांदा लावला. उजवा पडला तरी वाटायचं, दाना सैल लागला असंल. परत लावायचा." ती क्रुसाकडं बघत म्हणाली, "मालकांसंगं इतकी वर्सं नांदले, बाई. त्यांना कवा असं तपासून बघितलं न्हाई. मग ह्यालाच का तपासू?"

ती उठली. नखानं दोन्ही दाणे काढले, पदरानं पीठ पुसलं. उजवीकडचं थोडं राहिलं, ते मी पुसलं.

बाहेर लिंबाखाली रखमाजी पायांत पिशवी धरून बसला होता. बायकोला बघताच म्हणाला, "काय म्हनला?"

मला वाटलं, आता ही उजवा पडला म्हणून सांगणार. सांगितलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं.

"काय बी म्हनला न्हाई," अनसाबाई म्हणाली.

"मग?"

"मग काय? त्यो हाय. म्या हाय. भ्या मला बी वाटतंय. चला."

रखमाजीनं हात पुढं केला. तिनं दोन्ही दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"ह्यातला उजवा कंचा?"

"आता कुनाला ठावं."

त्यानं दोन्ही दाणे तोंडात टाकले, चावले आणि पिशवी उचलली. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत अनसाबाईनं त्याचं कोपर धरलं होतं.

ही गोष्ट सांगितली की लोक मला हटकून विचारतात, ऑपरेशनचं काय झालं? मी सांगत नाही. सांगितलं, की तुम्ही त्यालाच कौल म्हणाल.