न झिजलेलं जस्त

“पाहा जी कप्तान! जसंच्या तसं! नख बी नाही लागलं याले.”

मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी संघदीप याने बोटीच्या पंख्याच्या टोकावरची जस्ताची टोपी चिंधीने पुसली आणि ती आपणच घडवल्यासारखा जमलेल्या चार माणसांकडे पाहून हसला. मे महिना होता. मेडशीजवळचा तलाव आटून पार मध्यावर गेला होता. गेल्या वर्षी कोकणातून ट्रकवर घालून आणलेली सोसायटीची जुनी बोट पहिल्यांदाच काठावर ओढून ओंडक्यांवर ठेवली होती.

ज्याला सगळे कप्तान म्हणायचे तो इंद्रभान खाली वाकला.

एकतीस वर्षं त्याने रत्नागिरीला बोटींच्या कारखान्यात एकच काम केलं होतं. खारं पाणी पंख्याचं पितळ खातं, म्हणून पंख्याला जस्त बांधायचं. पाणी आधी जस्ताला खात बसतं आणि पंखा वाचतो. मात्र जस्त घट्ट हवं. बोल्ट आवळायचा, हातोडीचे दोन ठोके द्यायचे, पुन्हा आवळायचा. असं तीनदा. शेवटच्या ठोक्याला भरीव आवाज आला तरच हात पुसायचे. पावसाळ्यात सगळ्या बोटी काठावर यायच्या, काम तुंबायचं, त्यामुळे पेरणीला तो एकतीस वर्षांत एकदाही घरी नव्हता. पेरणी बायको भागिरथा करायची. तो कायमचा परत आला, त्याच्या आठ महिने आधी ती गेली.

मग ही बोट आली. दर दुसऱ्या सोमवारी इंद्रभान एसटीने तलावावर यायचा, छातीभर पाण्यात उतरून हातानेच चाचपून बोल्ट आवळायचा. त्या दिवशी तो दाढी करायचा. शेजारची कमलीबाई त्याचा चेहरा पाहून म्हणायची, “आज सोमवार दिसते.” बाकीचे तेरा दिवस त्याला वार नसायचा.

“यंदा बुद्धपौर्णिमेले तुमाले शाल देतो,” संघदीप म्हणाला. “ठरलं आमचं. कप्तानाचा सत्कार.”

“अन् भाषण बी कराव लागन काका,” जाळं विणता विणता लखमा म्हणाला. “समुद्रावरचं सांगजा. आमी काय, डबक्यातले लोक.”

सगळे हसले. इंद्रभान हसला नाही. तो जस्ताकडे पाहत होता. रत्नागिरीत वर्षभरात ते अर्धं उरायचं, चावलेल्या गुळाच्या खड्यासारखं. इथे त्याच्यावर नुसती पांढरी साय धरली होती. त्याने पंख्यावरून बोट फिरवलं. पाती कडांना लालसर पडली होती, बारीक खड्डे बोटाला लागत होते.

कधीकाळी कारखान्यातला उस्ताद म्हणाला होता, हे खाऱ्या पाण्याचं औषध. गोड्या पाण्यात जस्तावर कातडी धरते आणि ते झोपतं, तिथे दुसरा धातू लागतो. मग त्यानेच इंद्रभानला कोपर मारून विचारलं होतं, “पण तुझ्या वऱ्हाडात बोट कुठली रे?” सगळा कारखाना हसला होता. इंद्रभानही हसला होता, आणि विसरला होता.

आता ही चूक ओळखणारं इथे कोणी नव्हतं. गप्प राहिलं तर पंखा अजून एखादं वर्ष ओढेल. शाल मिळेल. सोमवार राहतील.

“संघदीप,” तो म्हणाला, “हे चुकलं.”

“काय चुकलं जी?”

“हे झिजाले पाह्यजे होतं. हे तसंच राह्यलं अन् पंखा खाल्ला गेला. हा पाह्य, लाल पडला. मी खाऱ्या पाण्याचा माणूस. मले इथलं पाणी नाही समजलं.”

संघदीपने वाकून पात्यावरून बोट फिरवलं. लखमाची सुई तेवढी चालत होती.

“पण तुमी तं घट्ट बसवून राह्यले होते ना वर्षभर?” संघदीपने विचारलं.

“घट्टच होतं बाप्पा,” इंद्रभान म्हणाला. “घट्ट असून काय करतं?”

संघदीपने मान खाजवली. “मंग आता?”

“गोड्या पाण्याचं समजते असा मेकॅनिक पाहा. उशीर नोका करू.”

“अकोल्याचा एक हाये वळखीचा. त्याले बोलावतो.” मग इंद्रभानचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाला, “तुमी येत जा ना काका. चा प्याले.”

“हो. येईन ना.”

इंद्रभानने स्वतःच बोल्ट काढला. इतका घट्ट होता की पाना दोनदा निसटला. संघदीपने ती टोपी त्याच्याच पिशवीत टाकली. शालीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, आणि त्यात कोणाचा दुष्टपणाही नव्हता.

घरी आल्यावर त्याने चूल पेटवली. भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायला भागिरथाचं उलथणं उचललं. रोज उचलायचा. आज त्याने ते उजेडात धरलं. एका बाजूने ते तिरपं झालं होतं. कोपरा पार गेला होता आणि धार कागदासारखी पातळ पडली होती. लोखंड होतं ते. तव्यावर घासून घासून एवढं जायला किती भाकरी लागल्या असतील, याचा अंदाज तो बांधू लागला, आणि तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

तीच त्याने खाल्ली. मग उलथणं धुऊन पुसलं आणि फळीवर ठेवलं. पिशवीतून जस्त काढून शेजारी ठेवलं. जड, गुबगुबीत, नव्यासारखं. घटकाभर पाहत उभा राहिला.

मग त्याने जस्त उचलून फळीवर मागे सरकवलं, डब्यांच्या आड, आणि उलथणं पुढे ओढलं.