मायाक्काचं रक्त मीच वाढवणार

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना फार चांगुलपणाचा आव आणू नये, म्हणून आधीच कबूल करते: मी मत्सरी आहे. पूर्वी थोडी होते, आता पुरती झाले आहे.

माझा जन्म सांगोल्याच्या बाजारतळाशेजारी एका घिसाड्याच्या पालापुढे झाला. तो सांडशीने तापलेला पत्रा धरी आणि त्याची बायको घण घाली. तिच्या घावांचे वळ माझ्या बुडावर अजून आहेत. मायाक्का तेव्हा नवी नवरी होती. तिने मला उचलले, बोटाने वाजवून पाहिले आणि नवऱ्याला, धुळाप्पाला, म्हणाली, "हीच घ्यायची." पुढची तीस-बत्तीस वर्षे त्या घराचे कालवण माझ्यातच शिजले. शेरडे-मेंढरे राखून आलेली माणसे आधी माझ्यात डोकावत आणि मग हातपाय धूत. शेजारची चंद्रव्वा आल्यागेल्याला सांगे, "लोखंडाच्या कढईतलं खाल्लं की रगात वाढतंय." हे ऐकून ऐकून मी फुगले. या घरातले रक्त म्हणजे माझीच मेहनत, असे मला वाटू लागले.

दोन वर्षांपूर्वी मायाक्का थकू लागली. चार पावले चालली की चक्कर येई. डोके जड, तळपायांची आग. अंघोळ झाली की अंगाला अशी खाज सुटे की ती खरबरीत भिंतीला पाठ घासत उभी राही. चेहरा मात्र लालबुंद! बघणाऱ्याला वाटावे, बाईची तब्येत छान आहे. घरच्यांनी ठरवून टाकले की तिचे रक्त कमी झाले आहे. तपासले कोणीच नाही. बाई थकली म्हणजे रक्त कमी, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असते.

झाले, घरात माझे वैरी येऊ लागले. मुलगा शहाजीने मेडिकलमधून टॉनिकची बाटली आणि लोहाच्या गोळ्या आणल्या. सून प्रियंका बागेतली डाळिंबे सोलून वाटी भरून देई. बीट आले, खजूर आले. रविवारी धुळाप्पा बोकडाचे काळीज आणी. त्या बाटलीचा तर मला असा राग! परवा आलेली ती, आणि तिला जागा थेट देवाच्या फळीवर! मायाक्का तिला पदराने पुसायची. मला कधी कोणी पदराने पुसले होते?

मी मनाशी ठरवले, मायाक्काचे रक्त वाढेल तर माझ्यामुळेच. प्रियंका माझ्यात चिंच घालून आंबट भाजी करी आणि लोह उतरावे म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच ठेवी. भाजी काळीकुट्ट होई. मीही हात आखडता घेतला नाही. होते नव्हते ते तिच्या ताटात सोडले.

असे आठ महिने गेले. एका सकाळी मायाक्का माझ्यात भाजी परतत होती, तेवढ्यात तिच्या हातातले उलथणे खाली पडले. बोटे मिटेनात. बोलायला गेली तर जीभ अडखळली. पाव तासाने सगळे पूर्ववत झाले, पण शहाजीने तिला लगेच दवाखान्यात नेले. गावातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेएकोणीस! लॅबवाल्याला वाटले मशीनच बिघडले, म्हणून त्याने पुन्हा रक्त घेतले. आकडा तोच आला. गावच्या डॉक्टरांनी सोलापूरला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच्या आज आणा, आणि रक्त वाढवायला जे जे घेत असतील ते सगळे बरोबर आणा.

शहाजी सरळ मनाचा माणूस. त्याने खताच्या रिकाम्या पोत्यात टॉनिक, गोळ्या, बीट, खजूर, डाळिंबे भरली आणि वर मलाही घातले.

सोलापूरच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या, डॉक्टर शगुफ्तांच्या, टेबलावर आम्ही सगळे ओळीने बसलो.

"ही कढई कशाला आणली?" त्यांनी विचारले.

"तुमीच म्हनला की, रगात वाढवायला जे जे घेताय ते आना," शहाजी म्हणाला.

त्या हसल्या. मी छाती काढून बसले होते. आज निवाडा होणार आणि पहिला नंबर माझाच येणार, याची मला खात्री होती. मग त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांचे हसू गेले.

"शहाजी, आईंचं रक्त कमी नाही. जास्त आहे. फारच जास्त."

"जास्त? मग मी थकते कशी ओ, बाई?" मायाक्काने विचारले.

"रक्त घट्ट झालंय. शिरांतून नीट पुढं सरकत नाही. सकाळी हात गेला तो त्यामुळंच. आज परत आला. पुढच्या वेळी येईलच असं नाही."

डॉक्टरांनी टॉनिक बाजूला सारले. मला आनंद झाला. गोळ्या सारल्या, तेव्हा आणखी झाला. मग त्यांचे बोट माझ्यावर आले.

"आणि ही लोखंडी कढईही सध्या बाजूलाच राहू द्या."

त्याच दिवशी मायाक्काच्या दंडातून एक पिशवी रक्त काढले. "कुनाच्या उपेगी पडंल का?" शहाजीने विचारले. नर्स म्हणाली, हे रक्त कोणाला देता येत नाही, टाकून द्यावे लागते. माझी मेहनत डोळ्यांदेखत टाकायला निघाली होती! आणि ती पिशवी? तिला ना बूड ना कान, पण तिने वीस मिनिटांत मायाक्काचे डोके हलके केले. "लई बरं वाटतंय बगा," असे मायाक्का तिला म्हणाली. तीस वर्षांत मला एवढे कोणी म्हटले नव्हते.

पुण्याहून दुसऱ्या तपासणीचा निकाल आला तेव्हा आजाराचे नाव कळले: पॉलिसायथेमिया व्हेरा. हजारांतही सहसा कोणाला न होणारा. हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होते, तिथली तोटी उघडीच राहिली होती. ती आम्ही कोणी उघडलेली नव्हती, पण काही न विचारता वरून ओतत मात्र होतो. आजार जात नाही, आवरता येतो. रोज एक छोटी गोळी, एक कॅप्सूल, भरपूर पाणी, ठरलेल्या तारखेला तपासणी, आणि लागेल तेव्हा ती पिशवी.

सोलापूरहून परतताना शहाजीने शुक्रवार पेठेतून स्टीलची कढई घेतली. चकचकीत, हलकी, नखरेल! ती गॅसवर बसली आणि मी खुंटीवर गेले. वर्षभर मी तिच्या बुडाला भाजी लागावी म्हणून वाट पाहिली. लागायचीही, तरी तिला कोणी बोलत नसे.

गेल्या आठवड्यात प्रियंका माहेरी गेली होती. मायाक्काने एकदम मला खाली काढले, धुतले, गॅसवर ठेवले. तेल ओतले. "एकदाच खाती. कुनाला कळतंय?" ती म्हणाली. मी स्टीलच्या कढईकडे तोऱ्यात पाहिले. आणि मग, मित्रांनो, तेल तापू लागले तशी मला भीती वाटू लागली. माझ्यात तिच्यासाठी औषध आहे की विष, हे मलाच ठाऊक नव्हते.

मायाक्काही थांबली. तिने शहाजीला फोन लावला. "डॉक्टरीणबाईस्नी इचार की, एकदा जुन्या कढईतलं खाल्लं तर चालंल का?"

थोड्या वेळाने उत्तर आले, "आज नगं आये. म्होरल्या तपासणीला बगून सांगते म्हनल्या."

तिने गॅस बंद केला. तेल स्टीलच्या कढईत ओतले, मला पुसून परत खुंटीला लावले आणि वांग्याची भाजी तिकडे केली. पोटभर जेवली. वर म्हणाली, "ह्यातलंबी काय वंगाळ लागत न्हाय."

ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, अजून होतो आहे. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आपले माणूस थकले तर त्याला काय कमी आहे हे तुम्हीच ठरवू नका; आधी तपासा, आधी विचारा. माझे जळणे माझे मी बघेन. तुम्ही तुमच्या मायाक्काकडे बघा.