तो सांगेन बोलतो

हेमालीला मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसच्या खोलीत खरं तर पाय ठेवायचा नव्हता. तिथे बसणारे पुंजाराम काका एकदा बोलायला लागले की माणसाला सोडत नाहीत. पण तिची आई नलू उजाडल्यापासून दारातून हलायला तयार नव्हती.

"धुकं बघ कसलं पडलंय. बाकीच्या बोटी लागल्या. आपलीच नाय आली. जाऊन विचार नं."

बोटीवर बाप बळवंत तांडेल, भाऊ भावेश आणि खलाशी. काळजी हेमालीलाही होती, पण घरात दोघींनी काळजी केली की स्वयंपाक कोण करणार, म्हणून ती आईवर चिडल्याचं सोंग करत होती. बोईसरला एका कंपनीत फोन घ्यायची तिची नोकरी. आज सुट्टी होती, ती अशी गेली म्हणून पुटपुटत ती चिंचणीच्या वाळूतून निघाली.

काका आज बोलले नाहीत. वायरलेसला कान लावून बसले होते, चेहरा पार उतरलेला. "गप," ते म्हणाले. "तुझा बापूस बोलतो."

खरखर झाली आणि बाबांचा आवाज आला, एरवीपेक्षा चढलेला. "ओ जहाजवाले! आमची मशीन बंद हाय. बोटीच्या पंख्यात जाळं गुतलंय. तुमचा भोंगा जवळ येतो. तुमी दिसत नाय आमाला. बाजूला घ्या!"

मग दुसरा आवाज, परका, घाई नसलेला. "स्टेशन कॉलिंग, से अगेन. से अगेन."

"आयकलं काय रं?" बाबा बोटीवरच्यांना सांगत होते. "सांगेन बोलतो! जहाजावर आपल्यातलाच कोनतरी हाय. थांबा आता. तो सांगेन बोलतो."

आणि बाबा थांबले. आपल्या माणसाने सांगेन म्हटलं की बळवंत तांडेल मध्ये तोंड घालत नाही. इकडे जहाज बाबांच्या बोलण्याची वाट बघतंय, तिकडे बाबा जहाजाच्या. दोघंही मोठ्या सज्जनपणे गप्प, आणि मधलं अंतर मात्र कमी होत चाललेलं.

तिने काकांच्या हातातून माइक ओढूनच घेतला. "बाबा! तो सांगेन नाय बोलत! इंग्रजी हाय ते. परत सांगा बोलतोय तुमाला!"

"कोन? हेमाली?" बाबांनी आवाज ओळखला. "मग मी मराठीत परत सांगून त्याला काय कळनार? तू बोल. तू बोलतेस नं कंपनीत."

कंपनीत ती बोलायची, हे खरं. "प्लीज होल्ड", "सर इज इन मीटिंग", एवढ्यावर तिचा पगार चालायचा. तिथे मेहुल सर भुवया चढवून "से अगेन?" म्हणाले की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. मग ती वाक्य फिरवायची, शब्द बदलायची, शेवटी सॉरी म्हणायची. त्या दोन शब्दांची तिला धास्तीच बसली होती.

बाबांनी जीपीएसवर बघून जागेचे आकडे वाचून दाखवले. तिने ते तळहातावर लिहिले, बटण दाबलं आणि बोलली. फिशिंग बोट. नो इंजिन. मग आकडे.

"से अगेन," आवाज म्हणाला.

झालं. चुकलं काहीतरी. तिने शब्द बदलले. बोटीऐवजी व्हेसल म्हणाली, आकडे मागचे पुढे केले, मध्येच "यू आर कमिंग ऑन माय फादर" घातलं. "सॉरी," ती म्हणाली, "सॉरी सर."

"से अगेन, प्लीज. से अगेन पोझिशन."

काका देवाचं नाव घेऊ लागले. तेवढ्यात बाबांच्या बाजूने बटण दाबलं गेलं आणि त्यांच्या बोलण्याच्या आधी जहाजाचा भोंगाच खोलीत घुमला. इतक्या जवळून, की खिडकीची काच हलली असं तिला वाटलं. बाबा काय म्हणाले ते त्यात बुडून गेलं.

आणि त्या भोंग्याने तिचं डोकं एकदम ताळ्यावर आलं. हा माणूस मेहुल सर नाही. भुवया चढवत नाही, चूक काढत नाही. त्याला नीट ऐकू आलेलं नाही, एवढंच तो सांगतोय. त्याला वेगळं काही नको आहे, तेच हवंय. तेच, जसंच्या तसं.

तिने तळहात डोळ्यांसमोर धरला आणि पहिलंच वाक्य पुन्हा म्हटलं. एकेक शब्द सुटा, एकेक आकडा सुटा. आवाज तिने थरथरू दिला नाही.

जहाजाने तिचे आकडे तिलाच परत म्हणून दाखवले. सगळे बरोबर. "टर्निंग नाऊ," आवाज म्हणाला.

आता खरं तर गप्प बसायचं. पण भीती अशी गप्प बसू देते होय? तिने पुन्हा बटण दाबलं आणि बोलतच सुटली. प्लीज टर्न, माय फादर, माय ब्रदर, प्लीज, प्लीज. अंगठा बटणावर असा रुतला होता की काकांनी तो धरून उचलला.

"सोड, पोरी. बटन दाबलेलं हाय तोवर तुला काय आयकू येनार?"

बटण सुटलं. बाबांच्या बोलण्याचं शेपूट तेवढं आत आलं.

"...येवढं तुझ्या आईला सांग."

मग काही नाही. नुसती खरखर. काका उभे राहिले आणि परत बसले. हेमालीने माइक छातीशी धरला होता. बटणाला अंगठा लावायची आता तिची छाती होत नव्हती.

"गेला!" भावेशचा आवाज फाटला होता. "बाजूनं गेला! लाट आली डोक्यावरून, पन गेला! समदे हाव आमी! जाळं कापून टाकलं बाबानं, पन मशीन काय चालू होत नाय. दुसऱ्या गावची बोट आलीय, ती ओढून आनते आमाला."

पुंजाराम काकांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, मग त्यातच तोंड लपवून बसून राहिले. हेमाली रडत नव्हती. तिला एकच विचारायचं होतं.

"बाबा, मघाशी काय बोललात? आईला काय सांगू? माझं बटण दाबलेलं होतं. मला ऐकू आलं नाय. परत सांगा."

पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, कुणाचं तरी खोकणं.

"ते होय," बाबा म्हणाले. "काय नाय. आंगोळीला पानी ठेव, सांग."

"नाय बाबा. दुसरं कायतरी बोललात."

"तेच बोललो. पानी ठेव सांग."

घरी नलू दारातच होती. लेकीचा चेहरा बघून तिने चौकट धरली.

"येतायत," हेमाली म्हणाली. "सगळे येतायत. जाळं गेलं."

नलूने श्वास सोडला. जाळ्याचं नावही काढलं नाही. "माज्यासाठी काय बोलला?"

हेमालीला क्षणभर वाटलं, आपणच काहीतरी छान जुळवून सांगावं. पण जसंच्या तसं सांगायचं, एवढं तिला आजच कळलं होतं.

"आंघोळीला पाणी ठेव बोलले."

"येवड्या लांबून हा निरोप? मी काय मोलकरीन हाय त्याची?" नलू फणकारली आणि आत जाऊन चुलीत लाकडं सारायला लागली.

बोट लागायला दुपार उलटणार होती. तोवर पाणी निवून जाणार होतं. हेमालीने ते सांगितलं नाही. तिने हंडा उचलला आणि भरून आईला दिला.