साडेसहा मेगावॉट

केसरीनाथशेठला हवा होता फक्त अर्धा तास. त्याबदल्यात सबस्टेशनचा ऑपरेटर काळूराम याच्या मुलीला, मेघालीला, पडघ्याच्या गोदामात नोकरी मिळणार होती. खुर्चीवर बसून, महिना साडेतीन हजार. सौदा वाईट नव्हता, म्हणूनच काळूराम सकाळपासून चिडलेला होता.

"सुरतचा व्यापारी येतोय," सबस्टेशनात खुर्ची ओढून बसत शेठ म्हणाला. "त्याला माझे लूम चालताना दिसले पायजेत. साडेअकरा ते बारा लूमची लाइन, तो फीडर, बंद करू नको. बस्स."

"माझ्या हातात हाय का ते, शेठ? वरनं फोन आला की बंद करायचा."

"मग दिघाशीचा कर ना! गावात काय, पंखे तर फिरतात."

"त्यातला एक माझ्या घरात फिरतो."

"वहिनींना सांग, पोरीला सोमवारपासून पाठवा," शेठ हसला आणि गाडीत जाऊन बसला.

अकरा चाळीसला फोन वाजला. विजेची मागणी पुरवठ्याच्या वर गेली की भिंतीवरचा फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नासवरून घसरतो. फार घसरला की यंत्रणा आपणच फीडर तोडते. मग शेठ बघत नाही की गाव. काटा एकोणपन्नासच्या खाली आला होता.

"आठ मेगावॉट कमी करा. ताबडतोब!" राज्याचं वीजवाटप सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅचमधून हुकूम आला.

लूमचा फीडर बरोबर आठाचा, दिघाशीचा दीडाचा. काळूरामने दिघाशीचा ब्रेकर, म्हणजे खटका, पाडला आणि सांगितलं, "केले साहेब."

पाच मिनिटांत पुन्हा फोन. "कुठायत तुमचे आठ? झोपलात काय?"

"लूमचा ब्रेकर अडकलाय. फिटर बघतोय."

फिटर नवशा दारात तंबाखू मळत होता. त्याने मान वर केली. "मी काय बघतोय रं?"

"गप बस!"

उरलेल्या साडेसहा मेगावॉटनी काही जग बुडत नाही, हे काळूरामला पक्कं ठाऊक होतं. त्याच घटकेला राज्यातल्या किती सबस्टेशनांत एकेक केसरीनाथ खुर्ची ओढून बसून गेला असेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही.

अकरा पन्नासला काटा अठ्ठेचाळीस पूर्णांक आठच्या खाली गेला. खाड्, खाड्, खाड्. एकूणएक फीडर पडले.

मोबाइल लगेच किंचाळला. "काळूराम! अर्धा तास सांगितला होता ना तुला? व्यापारी अंधारात उभा हाय माझ्या!"

"सगळी भिवंडीच अंधारात हाय, शेठ!" काळूरामने फोन आपटला.

वीज आली ती दोन वीसला. संध्याकाळी सबस्टेशनचे इंजिनियर साहेब आले, लॉगबुक पुढे सरकवून हळूच म्हणाले, "ब्रेकर अडकला, असंच लिही. मेमो नवशाला जाईल, तू सुटशील."

नवशा बाहेर टॉवेलने मान पुसत होता. काळूरामने पेन उघडलं, वैतागून दोनदा झटकलं आणि लिहिलं: 'आदेश ऑपरेटरने पाळला नाही.' खाली पूर्ण नावाने सही केली.

त्याची एक वेतनवाढ गेली. मेघालीची खुर्ची शेठच्या भाच्याला मिळाली. व्यापाऱ्याने मात्र ऑर्डर शेठलाच दिली. शेजारच्या शेडमध्ये जाऊन पाहावं, तर तिथेही अंधारच होता. आणि विणलेल्या कापडाच्या मीटरमागे मजुरी घेणारे शेठचे साठ कारागीर ते अडीच तास शेडबाहेर बनियनवर बसून होते. त्या अडीच तासांत जे कापड विणलं गेलं नाही, ते त्यांच्या मजुरीतून गेलं. काळूराम हे नाव त्यांच्यापैकी एकानेही कधी ऐकलं नव्हतं.