तिचं आणखी थोडं

रात्री नऊला भोंगा वाजला आणि हजारभर माणसं मैदानाच्या फाटकातून रस्त्यावर सांडली. स्तनाच्या कॅन्सरची तपासणी करणारी फिरती गाडी घ्यायची होती. तिच्या निधीसाठी ही दहा किलोमीटरची चाल. प्रत्येकाच्या पाठीवर कापडाची पट्टी होती आणि ज्याच्यासाठी चालायचं त्याचं नाव तिच्यावर. हॉटेलच्या लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंनी लेकीचं शाळेतलं नाव न लिहिता घरातलं लिहिलं होतं: भिंगरी. पट्टीला घरूनच कडक इस्त्री मारून आणली होती.

शेजारी जावई चालत होता. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि शब्दही तसेच मोजूनमापून बसवायचा.

"गुडघा काय म्हणतोय, आई?"

"म्हणतोय काय! त्याला बोलायची परवानगीच दिलेली नाही."

भिंगरी जाऊन दोन वर्षं झाली होती. जावई दर रविवारी यायचा, गळका नळ बघायचा, चहा प्यायचा आणि जायचा. तिचं नाव मात्र दोघंही काढत नसत. आपण काढलं तर समोरच्याला त्रास होईल, असं दोघांनाही वाटे.

बाईंची अडचण निराळीच होती. लेकीच्या आठवणी त्यांनी इतक्यांदा बाहेर काढल्या होत्या की धुऊन धुऊन कपडा विटावा तशा त्या विटायला लागल्या होत्या. लग्नापर्यंतची चोवीस वर्षं त्यांना तोंडपाठ होती. पण पुढची नऊ वर्षं जावयाकडे होती, आणि त्यांतलं त्यांच्या वाट्याला आलं होतं ते बहुतेक फोनवरचं "मी मजेत आहे गं". त्या नऊ वर्षांसाठी त्यांचा जीव तुटायचा.

त्यात गेले तीन रविवार जावयाच्या शर्टाची कॉलर वेगळी दिसत होती. इस्त्री त्याच्या हातची नव्हती, इस्त्रीवाल्याकडचीही नव्हती. कुणीतरी आपुलकीने केलेली होती. बाईंनी ओळखायचं ते ओळखलं. वाईट वाटून घ्यायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. चाळिशीही न गाठलेला माणूस, त्याने काय भिंतींशी बोलत बसायचं? पण नवा संसार मांडला की माणूस जुनं सामान माळ्यावर टाकतो. मग ती नऊ वर्षं कुणाकडे मागायची?

पुलावर गर्दी पांगली तशा बाई म्हणाल्या, "एक मागू?"

"मागा की."

"मला माहीत नाही असं काहीतरी सांगा तिचं."

जावई पुलाच्या कठड्यावरून बोटं फिरवत चालत राहिला. आपण चुकीचं बोललो की काय, म्हणून बाईंच्या मनात चलबिचल सुरू झाली. तेवढ्यात तो म्हणाला, "शिट्टी वाजवायची."

"छे! आठ वर्षांची असताना हेडबाईंसमोर वाजवली म्हणून मी थोबाडीत दिली होती. त्यानंतर कधी नाही."

"तुमच्यापुढे नाही. अंघोळ करताना रोज. इतकी बेसूर, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उत्तर द्यायचा."

बाईंना हसू फुटलं ते आवरेना. कठडा धरून उभं राहावं लागलं. मागून येणाऱ्या दोघी "बरं वाटत नाही का?" म्हणून थांबल्या, तर बाईंनी मानेनेच त्यांना पुढे जायला सांगितलं. हसता हसता डोळे कधी वाहायला लागले ते त्यांनाही कळलं नाही.

मग जावयाच्या तोंडाचं कुलूप निघालं. ती मोजे घालून झोपायची. लिफ्टला घाबरायची, पण पायऱ्यांनी जाते ते तब्येतीसाठी, अशी थाप मारायची. भांडण झालं की कपाटं आवरायला काढायची, त्यामुळे त्यांच्या घरातली कपाटं नेहमी लखलखीत असत.

"केस गेले तेव्हा?" बाईंनी हळूच विचारलं. तेव्हा त्यांची भेट व्हायची ती डोक्याला रुमाल बांधलेल्या भिंगरीशी.

"मी आरशावर टॉवेल टाकला होता. तिने ओढून काढला. म्हणाली, राहू दे रे, माझे कान आईसारखे आहेत ते आज दिसले."

बाईंचा हात आपसूक कानाकडे गेला. पुढचे दोन चौक त्या कान तसाच धरून चालल्या.

आठव्या किलोमीटरला जावयाने घसा खाकरला. "आई, मला एक सांगायचंय."

"तुमची कॉलर केव्हाच सांगून गेली."

तो जागीच थांबला. मग खाली बघत म्हणाला, "शाळेत गणित शिकवते. तुम्हाला कसं सांगावं, हेच कळत नव्हतं."

तीन आठवडे तयारी करूनही बाईंचं एक पाऊल चुकलं. पण त्या चालायच्या थांबल्या नाहीत. "हात बरा आहे तिचा. फक्त कॉलरची इस्त्री टोकाकडून आत आणायला सांगा. उलटी नेली की चुणी पडते."

"सांगतो," तो म्हणाला.

शेवटच्या दोन किलोमीटरांत गुडघ्याने परवानगी न घेताच बोलायला सुरुवात केली, आणि बाई जावयाच्या दंडाचा आधार घेऊन मैदानात पोचल्या. त्याने त्यांना दारापर्यंत सोडलं.

"रविवारी येऊ ना?"

"या. तिलाही आणा. पाच वाजता." बाईंनी कुलपात किल्ली घातली, पण फिरवली नाही. "तुम्ही मात्र अर्धा तास आधी या. एकटेच."

"काही काम आहे का?"

"काम कसलं! आणखी थोडं सांगा, एवढंच."

रविवारी साडेचारच्या ठोक्याला दार वाजलं. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहाचं नावही काढलं नाही, आणि स्वतः अगदी समोर जाऊन बसल्या.